सुशिक्षण म्हणजे निरोगी शिक्षण

शास्त्रपाठ : तीत १:५ ते २:१५. सोबत वाचावें : २ तीमथ्य २:१४-२६ व ४:१-५.

ख्रिस्ती मनुष्यानें काय मानावें, याविषयीं आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत दोन प्रकारचीं बोलणीं ऐकूं येतात. कोणी म्हणतात, "सिद्धांत, मतें, विश्वासांगीकार हें सारें पाळकांचें व पंडितांचें काम. आम्हां कष्टकरी लोकांस त्याचें काय? आचरण चांगलें असलें व रविवारीं उपासनेस हजर राहिलें, म्हणजे झालें." दुसरे म्हणतात, "जो कोणी ख्रिस्ताचें नांव घेऊन बोलतो तो आपलाच; तो काय शिकवितो हें कशाला पाहावें?" पहिलें बोलणें नम्रतेचें दिसतें व दुसरें प्रेमाचें. परंतु प्रेषित पौलानें तीताला लिहिलेलें लहानसें पत्र हातीं घेतलें, तर या दोहोंपैकीं एकही बोलणें टिकत नाहीं. या पाठांत आपणांस पाहावयाचें आहे तें इतकेंच, कीं ख्रिस्त कोण आहे व त्यानें आपल्यासाठीं काय केलें, याविषयींचें खरें शिक्षण ही विद्वानांची चैन नसून गरिबाच्या घरांतील रोजची भाकर आहे. आणि तें बिघडलें म्हणजे पहिला घाव दुबळ्यांवरच पडतो.

१. शब्दाचा अर्थ

आपल्या मराठी शास्त्रांत ज्याला "सुशिक्षण" म्हटलें आहे, त्याचा मूळ ग्रीक भाषेंतील अर्थ "निरोगी शिक्षण" असा आहे. हें ज्या क्रियापदापासून निघालें, तेंच क्रियापद लूकाच्या शुभवर्तमानांत शरीराच्या आरोग्याविषयीं आलें आहे. निरोग्यांना वैद्याची गरज नसते, असें प्रभु म्हणाला तेथें (लूक ५:३१). शताधिपतीचा मरणोन्मुख दास बरा झालेला आढळला तेथें (७:१०). आणि धाकटा पुत्र बापाला सुखरूप परत मिळाला तेथेंही (१५:२७) हाच शब्द आहे. मरणाच्या दारांतून उठलेल्या दासाला व दूर देशाहून घरीं आलेल्या मुलाला जो शब्द लागतो, तोच पौल शिक्षणाला लावतो.

याच्या उलट चुकीच्या शिक्षणाविषयीं तो काय म्हणतो, तें पाहावें. हुमनाय व फिलेत हे दोघे, पुनरुत्थान होऊन गेलें, असें सांगून कित्येकांच्या विश्वासाचा नाश करीत होते. त्यांच्या बोलण्याला पौलानें सडत जाणाऱ्या जखमेची उपमा दिली आहे (२ तीमथ्य २:१७, १८). त्या रोगांत शरीराचा एक भाग मरतो, आणि तें मरण शेजारच्या निरोगी मांसांत शिरत जातें. ज्यानें आपल्या मृतांना या आशेनें मातींत ठेविलें कीं, प्रभु त्यांस उठवील, त्याला जर कोणी सांगितलें कीं, उठणें होऊन गेलें, आतां वाट पाहावयाची नाहीं, तर त्या दुःखिताजवळ उरलें काय? एक मत बदललें, आणि एका विधवेची आशा गेली. म्हणून पौल या गोष्टीस किरकोळ मतभेद समजत नाहीं.

तेव्हां हें आरंभींच ध्यानांत धरावें, कीं सुशिक्षण हें वादांत दुसऱ्यास पाडण्याचें हत्यार नव्हे. वैद्याला रोगाचा राग असतो, रोग्याचा नसतो. जो शुद्ध मताचा अभिमान मिरवितो आणि शेजाऱ्याशीं कडवटपणें वागतो, त्याचें मत शब्दांनीं बरोबर असलें तरी त्याच्या अंगीं तें अद्याप आरोग्य होऊन उतरलेलें नाहीं.

२. क्रेत बेटांतील घरें

तीताचें काम क्रेत बेटांत होतें. तेथें नगरोनगरीं वडील नेमावे, म्हणून पौलानें त्याला मागें ठेविलें होतें (१:५). अशा वडिलाच्या अंगीं जे गुण पाहिजेत त्यांत एक हा, कीं त्यानें विश्वसनीय वचन घट्ट धरावें, म्हणजे तो सुशिक्षणानें बोध करावयास व विरोध करणारांस उत्तर देण्यास समर्थ होईल (१:९). असें कां? तर खोटे शिक्षक पैशाच्या लोभानें घरेंच्या घरें उलथून टाकीत होते (१:११). पौलानें येथें शाळा किंवा पंडितांच्या सभा म्हटलेलें नाहीं. घरें म्हटलें आहे. चुकीचें शिक्षण पंडितांच्या सभेंत वाद होऊन थांबतें. घरांत मात्र तें नवराबायकोच्या, आईबापांच्या व लेंकरांच्या मध्यें येऊन बसतें.

दुसऱ्या अध्यायांत पौल या घरांतील एकेकाला हांक मारतो : वृद्ध पुरुष, वृद्ध स्त्रिया, तरुण स्त्रिया, तरुण पुरुष, आणि शेवटीं दास. त्या काळच्या दासाला स्वतःचें शरीरही स्वतःचें म्हणतां येत नसे. त्याला कोणी ज्ञानी म्हणत नसत. असें असतां, त्यानें प्रामाणिकपणें चाकरी केली तर त्याच्यायोगें देवाच्या शिक्षणाला शोभा येईल, असें प्रेषित लिहितो (२:१०). ज्या शिक्षणाला दासाच्या हातून अलंकार चढतो, तें पंडितांच्या एकट्याच्या मालकीचें कसें असेल?

आतां "आचरण चांगलें असलें म्हणजे झालें" या बोलण्याकडे वळूं. पौलानें दहा वचनांपर्यंत आचरणच सांगितलें आहे, हें खरें. परंतु अकराव्या वचनाच्या तोंडींच "कारण" हा शब्द आहे. हें सारें कां करावें? कारण देवाची तारणदायी कृपा सर्व माणसांसाठीं प्रगट झाली. कारण ख्रिस्तानें आपणांस मुक्त करावें म्हणून स्वतःला दिलें (२:११-१४). आचरण हें फळ, आणि हें "कारण" त्याचें मूळ. मूळ तोडलेल्या फांदीला दोन दिवस पानें हिरवीं राहतात. म्हणून मुळाची गरज नाहीं, असें कोणताही शेतकरी म्हणणार नाहीं.

३. स्वच्छ दिसणारें पाणी

चुकीचें शिक्षण ओळखणें कठीण कां जातें? तें समजण्यासाठीं आपल्या वाडवडिलांस ठाऊक असलेल्या एका रोगाची आठवण करूं. तो रोग म्हणजे नारू. दुष्काळी भागांत लोक पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरीत. पाणी दिसावयास स्वच्छ असे. त्यांतील बारीक जलकीटकांच्या पोटीं रोगाचें बीज आहे, हें डोळ्यांना दिसत नसे. पिणाराला त्या दिवशीं कांहींच होत नसे. सुमारें वर्षभरानें पायाला फोड येई, आणि त्यांतून हातभर, कधीं त्याहूनही लांब, सुतासारखा किडा बाहेर पडूं लागे. आग शमावी म्हणून रोगी तोच पाय विहिरीच्या पाण्यांत बुडवी, आणि एकाचा रोग साऱ्या गांवाला होई. या रोगावर लस नव्हती, आणि पोटांतील किडा मारणारें औषधही नव्हतें. पाणी फडक्यानें गाळून पिणें, रोग्यानें विहिरींत न उतरणें, पाण्याची दुसरी सोय करणें, अशा साध्या उपायांनींच तो हटला. भारतांत १९९६ सालीं शेवटचा रोगी आढळला, आणि २००० सालीं आपला देश नारूमुक्त ठरला.

चुकीच्या शिक्षणाची रीत अशीच आहे. तें शास्त्राच्याच शब्दांत येतें. ऐकल्या दिवशीं कांहीं होत नाहीं. संकटाच्या दिवशीं तें बाहेर पडतें. आणि ज्याला तें लागलें, तोच नकळत दुसऱ्यास देतो.

४. आलेक्झांड्रियाचा आरियस

याचें मोठें उदाहरण मंडळीच्या प्राचीन इतिहासांत आहे. इ. स. ३१८ च्या सुमारास मिसर देशांतील आलेक्झांड्रिया शहरीं आरियस नांवाचा एक मंडळीचा वडील उपदेश करीत असे. तो कोणी दुराचारी नव्हता. त्याची राहणी कडक व बोलणें गोड होतें, असें त्याच्या विरोधकांनींही लिहून ठेविलें आहे. शास्त्रवचनें त्याच्या तोंडीं असत. पिता आपणाहून थोर आहे, असें प्रभूनेंच म्हटलें (योहान १४:२८). पौलानें ख्रिस्ताला सर्व उत्पत्तींत ज्येष्ठ म्हटलें (कलस्सैकर १:१५). यांवरून तो असें प्रतिपादी, कीं पुत्र हा देवानें निर्माण केलेला आहे. सर्व निर्मितींत पहिला, सर्वांत उंच, पण निर्मितच. आणि तो नव्हता अशीही एक अवस्था होती.

आरियसानें आपलें मत "थालिया" नांवाच्या रचनेंत मांडलें. फिलोस्टॉर्जियस नांवाचा जो इतिहासकार स्वतः त्याच पक्षाकडे झुकलेला होता, तो सांगतो कीं, आरियसानें खलाशी, दळणारे व वाटसरू यांच्यासाठीं गीतें रचून त्यांस चाली लावल्या होत्या. ज्या समाजाच्या आयाबहिणींनीं जात्यावर ओव्या गात पिढ्या वाढविल्या, त्याला यांतील मर्म समजावयास वेळ लागणार नाहीं. उपदेश विसरतो, पण गाण्याचा शब्द ओठांवर राहतो.

हा वाद इतका वाढला कीं, ३२५ सालीं बादशहा कॉन्स्टंटाइन यानें नायसीया येथें बिशपांची परिषद बोलाविली. तें ठिकाण हल्लीं तुर्कस्तानांत असून त्याला इझनिक म्हणतात. परंपरेनें तेथें जमलेल्या बिशपांची संख्या ३१८ सांगतात. स्वतः हजर असलेला युसेबियस अडीचशेंहून अधिक म्हणतो. परिषदेनें शास्त्राच्या साऱ्या साक्षीचा विचार करून, पुत्र हा निर्मित नव्हे, तो पित्याशीं एकाच तत्त्वाचा आहे, असा निर्णय दिला. २०२५ सालीं या गोष्टीस १७०० वर्षें पुरीं झालीं.

परंतु निर्णय झाला म्हणून तंटा मिटला नाहीं. ज्या बादशहानें आरियसाला हद्दपार केलें, त्यानेंच त्याला पुढें परत बोलाविलें. नायसीयास डीकन म्हणून आलेला अथनेशियस ३२८ सालीं आलेक्झांड्रियाचा बिशप झाला. त्याला पांच वेळां हद्दपार व्हावें लागलें, आणि एकंदर सुमारें सतरा वर्षें त्यानें आपल्या मंडळीपासून दूर काढलीं. तो ३७३ सालीं वारला. ३८१ सालीं कॉन्स्टंटिनोपल येथील परिषदेनें नायसीयाचा विश्वास पुन्हा दृढ केला, तो दिवस त्याला पाहावयास मिळाला नाहीं. यावरून आपण काय शिकावें? हेंच, कीं राजाची मर्जी आज एका बाजूस असते व उद्यां दुसऱ्या. तिच्या जोरावर सत्य टिकत नाहीं. हद्दपारीनें आरियसाचें मत मेलें नाहीं, आणि हद्दपारीनें अथनेशियसाचेंही नाहीं. तीं शिक्षा देऊन तपासावयाचीं मतेंच नव्हतीं.

५. त्या एका शब्दावर काय अवलंबून होतें?

कोणी म्हणेल, एका शब्दासाठीं एवढा खटाटोप कशाला? अथनेशियस व त्याचे सोबती यांनीं दिलेलीं दोन कारणें साध्या माणसासही समजण्यासारखीं आहेत, आणि तिसरें त्यांतूनच निघतें.

पहिलें कारण उपासनेचें. मंडळी पहिल्यापासून येशूची प्रार्थना करीत आली, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नांवानें बाप्तिस्मा देत आली. पुत्र जर निर्मित असेल, तर ही निर्मित वस्तूची पूजा झाली. मग मूर्तिपूजा सोडून आपण काय मिळविलें?

दुसरें कारण तारणाचें. बुडणाऱ्याला दुसरा बुडणारा वर काढीत नाहीं. जो स्वतः निर्मित आहे, तो निर्मितांना देवाशीं जोडूं शकत नाहीं; त्याचा हात कितीही उंच गेला तरी तो देवापर्यंत पोंचत नाहीं. जो देवाकडील आहे त्यानेंच आपल्याकडे खालीं यावें लागतें.

तिसरें कारण प्रीतीचें. आपण पापी असतां ख्रिस्त आपल्यासाठीं मेला, यावरून देव आपली प्रीति सिद्ध करतो, असें पौल म्हणतो (रोम ५:८). समजा, नदीला पूर आला आहे, आणि एका धन्यानें बुडत्या मुलामागें आपला गडी पाण्यांत ढकलला. गडी शूर म्हणावा. पण धन्याची प्रीति कितीशी सिद्ध झाली? तो कांठावर कोरडाच उभा आहे. ख्रिस्त जर देवाहून वेगळा कोणी निर्मित असेल, तर वधस्तंभावरून आपणांस एका थोर सेवकाची निष्ठा कळते. देवाचें अंतःकरण कळत नाहीं. कोणताही दृष्टांत देवाच्या स्वरूपास पुरा पडत नाहीं, आणि पुत्र व पिता एकच व्यक्ति, असेंही आपण मानीत नाहीं. परंतु पुत्र पित्याच्या जिवींचा, त्याच्याच तत्त्वाचा असल्यामुळें, तो पुरांत उतरला तेव्हां देव कांठावर कोरडा राहिला नाहीं, असें आपण म्हणूं शकतों. हें वाक्य म्हणतां यावें, एवढ्यासाठींच तो सतरा वर्षांचा वनवास होता.

६. आजाऱ्याच्या खाटेजवळ

आजच्या काळीं शिक्षण केवळ उपासनामंदिरांतून येत नाहीं. तें मोबाईलच्या पडद्यावरून रात्रंदिवस घरांत येतें, आणि सांगणारा कोण, कोणत्या मंडळीचा, त्याच्या वागणुकीविषयीं कोण साक्ष देईल, हें ऐकणाऱ्यास ठाऊक नसतें. त्यांत पुष्कळ बोध चांगला असतो, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु त्याच वाटेनें एक निराळें शिक्षणही येतें. तें असें : विश्वास असेल तर रोग जाईलच व कर्ज फिटेलच, गेला नाहीं, फिटलें नाहीं, तर तुमचा विश्वास कमी, आणि विश्वास दाखविण्यासाठीं अमुक एक रक्कम पाठवा.

हें शिक्षण सुखी माणसाच्या घरीं वर्षभर निरुपद्रवी राहतें. पण तेंच एखाद्या मजूर बाईच्या घरीं येऊं द्या. तिचें लेंकरूं तापानें फणफणलेलें आहे. तिनें रात्रभर प्रार्थना केली, घरांतील शेळी विकून पैसे पाठविले, आणि औषध घेणें म्हणजे अविश्वास असें ऐकून दवाखान्याची वाट टाळली. लेंकरूं दगावलें, तर तिच्या डोक्यावर दुःखाचा एक दगड होता तेथें दोन झाले : मूल गेलें, आणि तें तिच्याच अविश्वासानें गेलें. नारूचा किडा बाहेर पडतो तो असा.

आतां एक गोष्ट लक्ष देऊन पाहावी. ज्या पत्रांत पौलानें "निरोगी शिक्षण" हे शब्द पुनःपुन्हा लिहिले, त्याच पत्रांत रोगी माणसें आहेत. तीमथ्याला पोटाचें दुखणें होतें व तो वारंवार आजारी पडे. पौल त्याला अविश्वासाबद्दल दोष देत नाहीं, तर त्या काळचा घरगुती उपाय सांगतो (१ तीमथ्य ५:२३). त्रफिमाला तर त्यानें मिलेत येथें आजारीच सोडलें (२ तीमथ्य ४:२०). एपफ्रदीत मरणाच्या दारीं पोंचला होता (फिलिप्पैकर २:२७). आणि खुद्द पौलानें आपल्या शरीरांतील कांट्याविषयीं तीनदां प्रार्थना केली. कांटा निघाला नाहीं, कृपा मात्र पुरली (२ करिंथ १२:७-९). तेव्हां निरोगी शिक्षण म्हणजे शरीर कधीं आजारी पडणार नाहीं, असें वचन नव्हे. आजाऱ्यासाठीं मंडळीच्या वडिलांनीं प्रार्थना करावी (याकोब ५:१४), देव बरें करतो म्हणून त्याचे आभार मानावे, आणि वैद्यालाही बोलवावें. परंतु बरें होणें ही विश्वासाची मोजपट्टी करूं नये.

येथें नायसीयाचा तो जुना शब्द त्या मजूर बाईच्या झोंपडींत उपयोगी पडतो. देव जर दूर राहिला असेल, तर आजार हा त्याच्या नाराजीचा निरोप वाटेल. पण देव स्वतः ख्रिस्तामध्यें देहधारी होऊन भूक, घाम, अश्रु व मरण यांत उतरला असेल, तर आजाऱ्याची खाट त्याला परकी नाहीं. तिचें लेंकरूं बरें झालें तरी तो तिच्याजवळ आहे, आणि न झालें तरी आहे. हा धीर विकत मिळत नाहीं, कारण तो विक्रीला ठेविलेलाच नाहीं.

७. प्रश्न विचारणें म्हणजे अविश्वास नव्हे

सुशिक्षणाचा आग्रह धरतांना एक चूक होण्याचा संभव असतो. ती ही, कीं जो प्रश्न विचारतो त्याला आपण शत्रु समजूं लागतों. याविषयीं आपल्याच महाराष्ट्रांतील पंडिता रमाबाई (१८५८–१९२२) यांचें चरित्र बोधप्रद आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत वाँटेज येथें त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर त्रैक्य व ख्रिस्ताचें देवत्व यांविषयीं त्यांनीं आपल्या शिक्षिकांस पत्रांतून रोखठोक प्रश्न केले. दुसऱ्याच्या सांगण्यावरून मान डोलावणें त्यांना पटत नव्हतें. पुढें आपल्या साक्षीच्या पुस्तकांत त्यांनीं असें सांगितलें कीं, बाप्तिस्म्यानंतर सुमारें आठ वर्षांनीं आपणांस उमगलें, कीं आपणांस ख्रिस्ती धर्म लाभला होता, पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त, तो लाभला नव्हता. आणि मग त्यांनीं स्वतःस त्याच्या स्वाधीन केलें.

यांत दोन धडे आहेत. प्रामाणिक प्रश्नानें सत्याची हानि होत नाहीं. आणि बरोबर मत ठाऊक असणें म्हणजे त्या मतानें दाखविलेल्या प्रभूवर भार टाकणें नव्हे. दवा कोणती हें कळलें, पण घेतली नाहीं, तर रोग राहतोच. रमाबाईंनीं मात्र शिक्षण टाकून दिलें नाहीं. त्यांनीं इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला, आणि खेड्यांतील बायकांस कळेल अशा सोप्या मराठींत साऱ्या पवित्र शास्त्राचें भाषांतर केलें. तें केडगांवच्या मुक्ति सदनांत छापून त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालें. विहिरीचें शुद्ध पाणी ज्याचें त्याला स्वतः भरतां यावें, यासाठींच हे श्रम होते.

८. मंडळीनें काय करावें?

पाणी गाळण्याचें फडकें प्रत्येक घरीं असावें. त्यासाठीं आम्ही पुढील गोष्टी सुचवितों.

(१) विश्वासांगीकार केवळ पाठ म्हणूं नये, समजून म्हणावा. दर रविवारीं त्यांतील एक वाक्य घेऊन पाळकानें वा वडिलानें पांच मिनिटें अर्थ सांगावा. ज्यांस वाचतां येत नाहीं त्यांनाही कानांनीं ऐकून तें धरतां येतें.

(२) भजनांचे व गीतांचे शब्द पाहून निवडावे. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांचीं गीतें शंभराहून अधिक वर्षें आपल्या मंडळ्यांत टिकलीं, तीं केवळ चालींमुळें नव्हेत. नवें गीत शिकविण्यापूर्वीं वडिलांनीं तें एकदां सुराशिवाय वाचून पाहावें.

(३) बिरुयाच्या लोकांनीं प्रत्यक्ष पौलाचें बोलणेंही शास्त्रांत तपासलें, आणि त्याबद्दल त्यांची स्तुतीच झाली (प्रेषितांचीं कृत्यें १७:११). एखादें वचन सुटें दाखविलें, तर त्याच्या मागचीं व पुढचीं वचनें वाचावीं. आरियसानें ज्या अध्यायांतून एक वचन घेतलें, त्याच कलस्सैकर पत्राच्या पुढच्या वचनांत सर्व कांहीं ख्रिस्तामध्यें निर्माण झालें असें आहे (१:१६, १७). ज्याच्यामध्यें सर्व निर्माण झालें, तो स्वतः निर्मितांच्या रांगेंत कसा बसेल?

(४) नवें शिक्षण ऐकतांच तीन प्रश्न करावे. यानें ख्रिस्त मोठा होतो, कीं सांगणारा? हें देवाची कृपा फुकट देतें, कीं विकतें? आणि दुःखिताला हें धीर देतें, कीं त्याच्यावर दोष ठेवतें?

(५) चुकलेल्यास सांभाळून घ्यावें. अपुल्लोस हा वक्ता शास्त्रांत प्रवीण असून त्याला केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. प्रिस्किल्ला व अक्विला या तंबू करणाऱ्या जोडप्यानें त्याला सभेंत खालीं पाहावयास लाविलें नाहीं. जवळ घेऊन देवाचा मार्ग अधिक नीट समजाविला (प्रेषितांचीं कृत्यें १८:२४-२८). मंडळीला एक वक्ता गमवावा लागला नाहीं, आणि सत्यही गमवावें लागलें नाहीं. हें काम हातांनीं कष्ट करणाऱ्या नवराबायकोनें केलें, हें "पंडितांचें काम" म्हणणाऱ्यांनीं विसरूं नये.

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांजवळ मोठीं मंदिरें व धन थोडें आहे. परंतु देव स्वतः आपल्यासाठीं आला, आपलें पाप त्यानें वाहिलें, तो उठला व पुन्हा येणार आहे, ही ठेव आपणांजवळ पूर्ण आहे. ती आपल्या लेंकरांस निर्भेळ द्यावी. कारण त्यांच्यावर कोणते दिवस येतील हें आपणांस ठाऊक नाहीं. पण त्या दिवशीं त्यांना कोणाचा हात धरावयाचा आहे, हें आजच शिकवितां येतें.

विचारासाठीं प्रश्न

१. "सुशिक्षण" या शब्दाचा मूळ अर्थ काय? त्याच्या उलट कोणती उपमा पौलानें दिली आहे?
२. तीत २:११ मधील "कारण" या शब्दाचा मागील दहा वचनांशीं संबंध कसा आहे?
३. आरियसाचें मत खरें असतें, तर रोम ५:८ या वचनाचा अर्थ काय राहिला असता?
४. तीमथ्य, त्रफिम व एपफ्रदीत यांच्या आजारांवरून आपल्या गांवांतील आजाऱ्यांशीं कसें बोलावें, हें कसें शिकतां येईल?
५. गेल्या महिन्यांत आपल्या मंडळींत गाइलेल्या गीतांपैकीं एक घेऊन, तें ख्रिस्ताविषयीं काय शिकवितें, तें आपल्या शब्दांत सांगा.